लकडगंजच्या खुणा

रितिकाची बदली हैदराबादला झाली आणि प्रीतीचा शनिवार मोकळा पडला. रामदासपेठेतल्या एका क्लबात दर शनिवारी दुपारी ब्रिजची टेबले लागत. ब्रिजमध्ये समोर जोडीदार लागतोच, आणि रितिका ही प्रीतीची जोडीदार होती. प्रीतीने आधी नवऱ्याला विचारले. पियूष म्हणाला, शनिवारी दुपारी तो झोपतो आणि ही गोष्ट त्याने लग्नाआधीच सांगितली होती. मिहानमधल्या तिच्या ऑफिसात तिघांना विचारून झाले. तिघांनाही हा खेळ फोनवर, एकेकट्याने आणि चहा होईपर्यंत संपणारा हवा होता.

पत्ते खेळणारे माणूस घरातच होते. प्रीतीच्या सासूबाई कुसुमताई लकडगंजात, लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत वाढल्या. दुपारी करवती थांबल्या की सागवानी फळ्यांच्या थप्पीवर मेंढीकोटाचा डाव पडे, आणि त्यात कुसुमताई आणि त्यांचा थोरला भाऊ यांची जोडी सहसा हरत नसे. लग्नानंतर तो खेळ दिवाळीपुरता उरला. आता त्यांचे यजमान निवृत्तीनंतर कन्हानजवळच्या शेतात रमले होते, आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच असत. कुसुमताई बेसा रोडवरच्या फ्लॅटमध्ये मुलगा-सुनेबरोबर राहत. दिवाळीला त्यांनी पाहुण्यांच्या दोन जोड्या लागोपाठ उठवल्या, तेव्हा प्रीतीने त्यांना पहिल्यांदा नीट खेळताना पाहिले.

"आई, माझ्यासोबत ब्रिज खेळाल का?"

"मले साहेब लोकांचे खेळ नाई जमत."

"मेंढीकोटच आहे, आई. दोघी समोरासमोर, हात करायचे, हुकूम बोलायचा. फक्त हुकूम कोणता ते आधी बोली लावून ठरवायचं."

हे अर्धेच खरे होते. पण कुसुमताईंनी होकार दिला.

क्लबातला शनिवारचा खेळ धम्मानंद सर चालवत. ते सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक. टेबले लावणे, वाद मिटवणे आणि खिडकीजवळच्या टेबलावर नव्यांना शिकवणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडे होती. पहिल्या दिवशी त्यांनी कुसुमताईंना तेरा पाने वाटली आणि मोजायला सांगितले.

"एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळ्या पत्त्यांत मिळून चाळीस. बारा-तेरा असतील तर बोली उघडायची, नसतील तर पास. किती आहेत?"

"अठरा," कुसुमताई म्हणाल्या.

सरांनी त्यांच्या हातात डोकावून पाहिले. "दहा आहेत."

"ह्या दोन मेंढ्या नाई धरल्या तुमी."

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात आणि सगळा खेळ त्या चार दश्श्या पळवण्याचा असतो. सरांना ते ठाऊक होते. तेही याच शहरात लहानाचे मोठे झाले होते. "ब्रिजमध्ये दश्शीला शून्य," ते म्हणाले.

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग सुनेकडे. "शून्य? अन् तू म्हणे मेंढीकोटच आहे."

प्रीती खिडकीबाहेर पाहू लागली.

बोली त्यांना लवकर जमली. बदामाची किंवा इस्पिकची पाच पाने असतील तर तो रंग बोलायचा. सगळे रंग सारखेसे वाटलेले असतील आणि पंधरा ते सतरा गुण असतील तर 'एक नो ट्रंप', म्हणजे हुकमाशिवाय खेळण्याची बोली. बोली पुढे ठेवायची ती छापील पत्त्याने, तोंडाने नाही. 'तीन' बोलले की नऊ हात करायचे, 'चार' बोलले की दहा. कुसुमताईंना हे सरळ वाटले. माल किती आहे ते सांगायचे, उगाच वाढवायचे नाही.

अडचण आली ती पहिल्या उतारीत. बोली संपली की जिंकणाऱ्या जोडीतला एक जण दोघांचीही पाने खेळतो आणि दुसरा आपली पाने मेजावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. पण डमीचे एकही पान दिसण्याआधी खेळणाऱ्याच्या डावीकडच्याला पहिले पान टाकावे लागते. समोर काही नसते. फक्त ऐकलेली बोली असते.

सरांनी नो ट्रंपचा डाव लावून दिला. कुसुमताईंनी चौकटीचे एकुलते एक पान उतरवले.

"हे का?"

"एकच हाये. संपलं की पुढच्या वेळी हुकमानं कापते मी."

"कशाने कापाल?"

"हुकमा..." त्या थांबल्या.

"नो ट्रंप आहे, कुसुमताई. हुकूम नाहीच. इथे तुमचा सगळ्यात लांब रंग काढायचा, त्यातलं वरून चौथं पान. समोरच्यांची मोठी पानं त्या रंगातून झडली की तुमची छोटी छोटी पानंसुद्धा हात करतात."

"पण त्याच रंगात माझा राजा हाये. तो उघडा पडते ना."

"पडू द्या. राजा लपवून ठेवायचा नसतो, कामाला लावायचा असतो."

हे त्यांना पटायला वेळ लागला. दुपारी घरी एकट्या असताना त्या जेवणाच्या टेबलावर चारही हात वाटत आणि प्रत्येकाच्या जागी बसून पहिले पान उतरवून पाहत. कन्हानहून यजमानांचा फोन आला तर म्हणत, "मी बोली करून राहिली, मंग बोला." पंपाची मोटर जळाल्याची बातमी त्यांना संध्याकाळी पियूषकडून कळली.

थंडी सरेपर्यंत त्या खिडकीजवळच्या टेबलावरून उठून मोठ्या हॉलमध्ये प्रीतीच्या समोर बसू लागल्या. शनिवार हा त्यांचा दिवस झाला. बेसा रोडच्या इमारतीत लिफ्टमधले लोक त्यांना पियूषची आई म्हणून ओळखत. क्लबात त्या कुसुमताई होत्या, त्यांच्या खुर्चीत दुसरे कोणी बसत नव्हते, आणि त्यांनी काय उतरवले यावर चहाच्या वेळी लोक चर्चा करत. ती खुर्ची टिकावी एवढेच त्यांना हवे होते. तसे त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. पण शनिवारी येतो म्हणणाऱ्या पाहुण्यांना त्या रविवार सुचवू लागल्या, आणि एका भाचीच्या साखरपुड्याला गुडघेदुखीमुळे गेल्या नाहीत. क्लबाचा जिना मात्र त्या न थांबता चढत.

हॉलमध्ये पहिल्याच दिवशी त्यांना चंद्रभान भेटले. चंद्रभान लकडगंजातलेच, कुसुमताईंच्या भावाचे मित्र. सागवानाचा धंदा मुलाच्या हाती देऊन ते इथे येत. दातांच्या डॉक्टर असलेल्या उत्तरा त्यांच्या जोडीदार होत्या.

"तू वं इथी? कुसुमच ना?"

"अजून खेळूनच राहिला काय गा तू?"

"हा मेंढीकोट नोहे. हा डोक्याचा खेळ हाये."

"मंग तू काहून आला?"

उत्तरा हसल्या. डाव सुरू झाला आणि चंद्रभान जिंकले.

पुढच्या शनिवारीही जिंकले, त्याच्या पुढच्याही. इतर टेबलांवर सासू-सुनेचे बरे चालले होते. कधी जिंकत, कधी हरत, बोलीत क्वचित घसरत. चंद्रभानांच्या टेबलावर मात्र दरवेळी हार. विशेष म्हणजे, कुठली राणी किंवा कुठला राजा कोणाकडे आहे हे चंद्रभानांना अचूक कळे. जिथे अंदाज दोन्हीकडे सारखा, तिथे ते एकदा कुसुमताईंकडे पाहत आणि बरोबर बाजूने पान काढत.

"काकांना राणीचा वास येतो काय?" परतताना गाडीत प्रीती म्हणाली.

"लहानपणापासूनच तसा हाये तो," कुसुमताई म्हणाल्या. "चिंच कोणाच्या खिशात हाये तेही कळे त्याले."

मग एका शनिवारी उत्तरांनी हात वर केला आणि धम्मानंद सरांना टेबलाजवळ बोलावले. डाव नुकताच संपला होता. त्या डमी होत्या, आणि डमीला डाव संपेपर्यंत तोंड उघडता येत नाही, म्हणून त्या थांबल्या होत्या.

"सर, मला हे बोलायला बरं वाटत नाही. पण राणी हातात असली की कुसुमताई बांगड्या मागे सारतात. राजा असला की कानातल्या कुडीला हात लावतात. आधी मला वाटलं सवय असेल. पण दरवेळी जुळतं. मी डमी असते तेव्हा मला पाहण्याशिवाय काम नसतं."

शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले. कुसुमताईंनी आपल्या हाताकडे पाहिले. उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावरच्या बांगड्यांवर होती.

"बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. "हे तं आमच्या लकडगंजच्या खुणा. मेंढीकोटात सारेच करत. मले मालूमच नाई मी करून राहिली म्हणून."

या प्रामाणिकपणाने प्रकरण अधिकच बिघडले.

सर उभेच होते. "ब्रिजमध्ये जोडीदाराला बोली आणि खेळलेलं पान यांखेरीज काहीही कळवायचं नाही. डोळ्यांनी नाही, हातांनी नाही. खुणा ठरवून केल्या असतील तर जोडी बाद होते आणि परत घेत नाहीत."

"सर, मला यातली एकही खूण माहीत नाही," प्रीती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत्ता ऐकते आहे."

"तुम्ही एका घरात राहता, प्रीती."

"म्हणून काय सगळं माहीत असतं?"

"नसेलही. पण तुम्हाला माहीत नव्हतं हे मी कशावरून धरू? आणि माहीत होतं हे तरी कशावरून? नक्की कळेपर्यंत तुम्ही दोघींनी खेळू नये, हे बरं."

कुसुमताईंनी पाने एकत्र करून मेजावर ठेवली. त्या उठणार होत्या. चंद्रभान खुर्चीत जरा सरकले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आता बोललो तर काय हातचे जाते हे त्यांना पक्के कळत होते.

"सर, हिच्या सुनेले नाई समजत त्या खुणा," ते म्हणाले. "मले समजतात."

"म्हणजे?"

"वखारीवर हिच्या भावासंगं मीबी खेळलो ना. बांगड्या सारल्या म्हंजे राणी. कुडीले हात म्हंजे राजा. पदर सावरला म्हंजे त्या रंगाचं पानच नाई. पयल्या दिवशीच पाहलं मी. सुनेले हे समजत असतं तं दर शनिवारी मीच जिंकलो असतो काय? तिनं एकदा तरी बरोबर पान टाकलं असतं."

"काका," प्रीती म्हणाली.

उत्तरा जोडीदाराकडे वळल्या. "म्हणजे आपण इतके दिवस जिंकत होतो ते असं?"

"खेळूनच जिंकलो, डॉक्टर. फक्त पाहून खेळलो."

मागच्या टेबलावर कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. कुसुमताई हसल्या नाहीत. "अन् मले सांगाले काय झालं होतं तुले?"

"जिंकून राहिलेला माणूस सांगते काय वं?"

सरांनी हसणे थांबण्याची वाट पाहिली. समोरच्यांच्या सवयी वाचणे नियमात बसते, ते म्हणाले. अंदाज चुकला तर नुकसान वाचणाऱ्याचे. तेव्हा आधीचे निकाल बदलणार नाहीत. मग ते कुसुमताईंकडे वळले.

"तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मी मानतो. पण आता प्रीतीलाही खुणा कळल्या आहेत. आजपासून त्या चालणार नाहीत. पुढच्या शनिवारी मी तुमच्यामागे खुर्ची टाकून बसेन. एकदा जरी खूण झाली तरी तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर, आणि प्रीतीने दुसरा जोडीदार शोधायचा."

"एकदाबी?"

"एकदाही."

त्या आठवड्यात घरात रोज रात्रीच्या जेवणानंतर सराव झाला. पहिल्या दिवशी कुसुमताईंनी बांगड्या काढून ठेवल्या. राणी आली तशी बोटे रिकाम्या मनगटावर गेली. दुसऱ्या दिवशी त्या डावा हात मांडीखाली घेऊन बसल्या, तर उजव्या हातातली पाने घेऊनच तो हात कानाकडे निघाला. पियूष स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन शेजारी बसला आणि प्रत्येक खुणेला चमचा वाजवू लागला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी आरती आहे का ते विचारून गेले.

"आई, सोपा उपाय सांगू काय तुले?" पियूष म्हणाला. "राणी नसताना बांगड्या सार. काका फसतात."

कुसुमताईंनी सुनेकडे आशेने पाहिले.

"तेही चालत नाही," प्रीती म्हणाली. "मुद्दाम खोटी खूण करणं ही तर सरळ फसवणूक. त्यापेक्षा खरी बरी."

"म्हंजे खरीबी नाई अन् खोटीबी नाई."

"काहीच नाही. जे सांगायचं ते बोलीत आणि पानात."

"मंग हातानं करायचं काय माणसानं?"

शेवटी असे ठरले की डावा हात पाने धरेल आणि उजवा, पान टाकण्याची वेळ सोडून, पंजा उघडून टेबलावर पालथा राहील. शुक्रवारी वाटी एकदाच वाजली, आणि तीही पियूषला डुलकी लागल्यामुळे.

शनिवारी सर सांगितल्याप्रमाणे मागे बसले. पहिल्या दोन टेबलांवर काही घडले नाही. कुसुमताईंचा पंजा हिरव्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा पडून होता. बोलीसाठी तो उठे, बोलीचा पत्ता ठेवी आणि जागेवर परत जाई. तिसरे टेबल चंद्रभान आणि उत्तरा यांचे होते.

"काय वं, मूर्ती झाली काय तू?"

"बोली दे."

पाने वाटलेलीच होती. चंद्रभानांनी 'एक नो ट्रंप' ठेवले. कुसुमताईंनी पास. उत्तरांनी थेट 'तीन नो ट्रंप'. प्रीतीने पास, मग सगळ्यांचेच पास. चंद्रभानांना नऊ हात करायचे होते, आणि पहिले पान कुसुमताईंना टाकायचे होते.

त्यांच्याकडे इस्पिकची पाच पाने होती: राजा, गुलाम, नव्वी, पंजी, तिर्री. चौकटीची दोनच, दोन्ही लहान. बदामाची तीन, तिन्ही बिनकामाची. किलवरमध्ये राणी आणि दोन छोटी पाने. जुन्या सवयीने नजर आधी चौकटीवर गेली. दोन पाने, लवकर संपतील, मग कापता येईल. कापायला हुकूम नाही, हे त्यांना आता कोणी सांगावे लागले नाही. चंद्रभानांकडे पंधरा ते सतरा गुण. उत्तरांनी मधे काही न विचारता तीनवर उडी घेतली. बदाम किंवा इस्पिकची चार पाने असती तर त्यांनी आधी चौकशी केली असती, म्हणजे डमीत इस्पिक थोडेच असणार. बाकीचे इस्पिक कुठेतरी असेल, काही प्रीतीकडेही. राजा उघडा पडेल. पडू दे.

त्यांनी इस्पिकची पंजी उतरवली, वरून चौथी.

उत्तरांनी डमी मांडली. इस्पिकची तीन छोटी पाने. पहिल्या हाताला प्रीतीची राणी आली. चंद्रभानांनी एक्का हातात असून लहान पान दिले. प्रीतीने इस्पिकच परत आणले, त्यावर कुसुमताईंचा गुलाम. चंद्रभानांनी तेव्हाही एक्का राखून ठेवला. तिसऱ्या वेळी कुसुमताईंनी राजा काढला आणि चंद्रभानांना एक्का टाकावा लागला. आता कुसुमताईंकडे इस्पिकची दोन पाने उरली आणि दुसऱ्या कोणाकडे एकही नव्हते. पुन्हा एकदा हात मिळाला तर ती दोन्ही चालणार होती. तो मिळवून देणारे एकच पान त्यांच्याजवळ होते, किलवरची राणी.

चंद्रभानांनी मनात हिशेब केला. पक्के हात आठ होते. नववा किलवरमध्ये होता, पण त्यासाठी राणी कोणाकडे आहे ते कळायला हवे होते. डमीत राजा, आपल्या हातात एक्का, गुलाम आणि दश्शी. राणी कुसुमकडे असेल तर एका बाजूने खेळायचे, प्रीतीकडे असेल तर दुसऱ्या.

त्यांनी किलवरचे लहान पान काढले आणि कुसुमताईंच्या मनगटाकडे पाहिले. पंजा टेबलावर होता. कुसुमताईंनी त्याच हाताने किलवरची दुर्री दिली आणि हात परत ठेवला. डमीतून राजा आला, प्रीतीने लहान पान दिले. चंद्रभान पुढचे पान सांगेनात. त्यांनी मनगट पाहिले, कान पाहिला, पुन्हा मनगट पाहिले.

"घाई नाई मले," ते म्हणाले.

"मलेबी नाई," कुसुमताई म्हणाल्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या.

मागून सर म्हणाले, "पान सांगा, चंद्रभानजी."

बांगड्या हलल्या नाहीत. आजवर राणी असताना त्या हलल्या नाहीत असे कधी झाले नव्हते. चंद्रभानांनी डमीतून किलवरची नव्वी मागितली. प्रीतीने सत्ती टाकली, चंद्रभानांनी स्वतःचा गुलाम ठेवला आणि पाठ टेकून बसले.

कुसुमताईंनी राणी ठेवली.

मग इस्पिकची नव्वी, मग तिर्री. त्यांचे पाच हात झाले. पुढचे सगळे चंद्रभानांचे होते, पण ते आठच भरले.

मग उत्तरा बोलल्या, आणि रुग्णाला दात काढावा लागेल असे सांगताना बोलत असतील तशाच शांतपणे बोलल्या.

"प्रीतीकडे इस्पिक उरलं नव्हतं, चंद्रभानजी. राणी तिच्याकडे निघाली असती आणि तिला एक हात मिळाला असता, तरी आपलं काही जात नव्हतं. फक्त कुसुमताईंना हात मिळू द्यायचा नव्हता. त्यांच्याकडे राणी धरून खेळला असता तर दोन्ही बाजूंनी नऊ झाले असते. पत्ते पाहायचे होते. तुम्ही बांगड्या पाहत बसलात."

चंद्रभान कुसुमताईंकडे वळले. "राणी होती तं सांगाले काय झालं होतं वं तुले?"

"आता तं सारे नियमानं चालून राहिले, गा. मी काहून सांगू?"

"सर, ही खूण न करून फसवून राहिली. चालते काय हे?"

"स्वस्थ बसणं म्हणजे फसवणूक नाही," सर म्हणाले. ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची उचलली. "अंदाज चुकला तर नुकसान वाचणाऱ्याचं, हे मी गेल्या शनिवारी सांगितलं होतं."

कुसुमताईंनी मान वळवली. "सर, खुर्ची कुठी नेऊन राहिले? अजून टेबलं हायेत ना आमचे."

"मला पाहायचं होतं ते पाहून झालं."

"मंग पुढच्या शनिवारी..."

"पुढचा शनिवार पुढे. आधी चौथ्या टेबलावर जा. तुमच्यासाठी थांबलेत ते."

सासू-सुना चौथ्या टेबलावर गेल्या. तिथे प्रीतीने 'एक बदाम' बोलले, कुसुमताईंकडे बदामाची चार पाने आणि अकरा गुण होते, म्हणून त्यांनी 'तीन बदाम' ठेवले, आणि प्रीतीने ते 'चार' केले. कुसुमताईंनी आपली पाने मेजावर मांडली आणि डमी म्हणून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. प्रीती दहा हातांसाठी खेळली आणि नऊवर अडकली.

शेवटचे पान पडल्यापडल्या कुसुमताई पुढे वाकल्या. "चौकटीचा एक्का आधीच काहून काढला तू?"

"आई, डमीला बोलता येत नाही."

"डाव संपला. आता बोलता येते, मीबी शिकली आहो. बदाम काढून मंग एक्का काढाचा होता. हुकमानं कापला ना त्यांनी तो."

प्रीतीने पाने पुन्हा पसरून पाहिली. सासूबाईंचे बरोबर होते.

"पुढच्या शनिवारी ध्यानात ठेव," कुसुमताई म्हणाल्या आणि पुढच्या डावाची पाने उचलून मोजू लागल्या.